शतावरी लावायची, पण किती आणि कुठे?



बोदलकसा आणि आजूबाजूच्या गावांतल्या गटांच्या बैठकीत आम्हाला एक प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतो. "ताई, शतावरी लावू का जी?" कुणी मोबाईलवर व्हिडिओ पाहिलेला असतो, एका एकरात लाखो रुपये. कुणाच्या दारात रोपं विकणारा माणूस येऊन गेलेला असतो. कुणाच्या सासूबाई सांगतात, आमच्या वेळी जंगलात पाय ठेवला की शतावरी दिसायची, आता शोधावी लागते. तर आज आपण शतावरीबद्दलच बोलू. रोप कसं करायचं, लावायचं कुठे, निगा कशी राखायची, मुळी कशी काढायची, आणि शेवटी पैशांचा हिशोब.

उत्तर आधीच सांगून टाकतो. शतावरी जरूर लावा. पण धानाची बांधी मोडून लावू नका आणि गटातून कर्ज उचलून लावू नका. सांदवाडीच्या कुंपणाला पंचवीस नाहीतर पन्नास रोपं लावून सुरुवात करा. असं का म्हणतो, ते पुढे ऐका.

ओळख पटवून घ्या

शतावरी ही अनेक वर्षं जगणारी, आधाराने चढणारी काटेरी वेल आहे. आधार मिळाला की सहज डोक्याच्या वर जाते. पानं म्हणून आपण जे बघतो ते सुईसारखे बारीक, हिरवे, झुपक्यात येणारे. खोडावर काटे असतात. पावसाळा सरला की बारीक पांढरी फुलं येतात, त्यांना छान वास असतो. मग वाटाण्याएवढी हिरवी फळं धरतात, ती पिकून लाल होतात, आणि आत काळं कडक बी असतं. जमिनीखाली एका गड्ड्याला बोटासारख्या लांबट, पांढरट मुळ्यांचा घोस लागतो. शत म्हणजे शंभर. शंभर मुळ्यांची म्हणून शतावरी. शास्त्रीय नाव ॲस्परॅगस रेसिमोसस.

इथे एक सावधगिरी. शहरातल्या नर्सरीत शोभेची ॲस्परॅगस मिळते, फुलांच्या गुच्छात घालतात ती. दिसायला जवळची, पण आपली औषधी शतावरी ती नव्हे. रोप किंवा बी घेताना खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्या. आपल्या जिल्ह्यात हिवऱ्याला कृषी विज्ञान केंद्र आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन औषधी वनस्पती उद्यान आहे. तिथे विचारा. जाणकाराला दाखवल्याशिवाय जंगलातून आणलेलं काहीही 'शतावरीच असेल' म्हणून लावू नका, खाऊ तर मुळीच नका.

जागा कोणती?

आपला गोंदिया जिल्हा तलावांचा आणि धानाचा. पाऊस भरपूर. धानाला बांधीत पाणी उभं लागतं आणि शतावरीला उभं पाणी अजिबात चालत नाही. पावसाळ्यात आठ दिवस पाणी साचलं की मुळ्या सडायला लागतात. वरून वेल पिवळी पडते, आपल्याला वाटतं खत कमी पडलं, आणि खाली सगळं कुजलेलं असतं. म्हणून कन्हारीसारखी भारी, पाणी धरून ठेवणारी जमीन नको. बरडी, रेताड, मुरमाड, उताराची जमीन चांगली. मोरांड जमिनीत उंच वरंबा करून लावली तर जमते.

मग बऱ्याच जणी म्हणतात, धुऱ्यावर तूर लावतो तशी शतावरीही लावू. विचार चांगला वाटतो, पण एक गोष्ट लक्षात घ्या. तुरीच्या शेंगा वरून तोडायच्या असतात. शतावरीची मुळी खणून काढायची असते. बांधीचा धुरा खणला तर धुरा फुटतो आणि पुढच्या पावसात बांधीतलं पाणी वाहून जातं. म्हणून बांधीच्या धुऱ्यावर शतावरी नको.

सगळ्यात उत्तम जागा म्हणजे सांदवाडीचं कुंपण. त्याचे तीन फायदे. वेलीला चढायला आधार आयताच मिळतो. घराजवळ असल्याने पाणी घालणं, गवत काढणं येता-जाता होतं. तिसरा फायदा आपल्या भागासाठी फार मोठा आहे. आपलं गाव जंगलाला लागून. कंद म्हटलं की रानडुक्कर आणि सायाळ आलेच. वेलीला काटे आहेत, पण मुळीला नाहीत. दूरच्या शेतात दोन वर्षं सांभाळलेली मुळी एका रात्रीत उकरली जाऊ शकते. घराजवळ माणसांचा वावर असतो, कुत्रं भुंकतं, राखण होते.

सावलीचं म्हणाल तर थोडी सावली शतावरीला चालते. आंबा, पेरू, शेवगा यांच्या कडेला ती वाढते. एकदम गर्द सावली मात्र नको.

रोप घरीच करा

उन्हाळ्याच्या तोंडी लाल झालेली फळं जमा करा. हाताने चोळून गर काढा, बी धुवा, सावलीत वाळवा. बी जुनं झालं की उगवण कमी होते, म्हणून त्याच वर्षीचं बी वापरा. पेरण्याआधी एक दिवस आणि एक रात्र पाण्यात भिजवा. वर तरंगणारं बी टाकून द्या.

एप्रिल-मे महिन्यात वाफा करा किंवा दुधाच्या रिकाम्या पिशव्या भरा. एक घमेलं माती, एक घमेलं रेती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत. पिशवीला खाली भोकं पाडायला विसरू नका. बी बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल टाका, वर पातळ तणसाचं आच्छादन करा, झारीने पाणी द्या. ऊन कडक, म्हणून वाफा झाडाखाली किंवा मांडवाखाली असू द्या.

आता धीर धरा. भाजीचं बी चार-पाच दिवसांत वर येतं. शतावरीचं बी कडक कवचाचं, त्याला तीन-चार आठवडे, कधी त्याहूनही जास्त लागतात. काही जणी पंधरा दिवस वाट पाहून वाफा मोडून टाकतात, तसं करू नका. आणि सगळं बी उगवत नाही. निम्मं उगवलं तरी चांगलं समजा. पन्नास रोपं हवी असतील तर सव्वाशे बिया टाका.

दुसरी रीत गड्ड्याची. गावात कुणाकडे जुनी वेल असेल तर तिच्या गड्ड्याचे तुकडे करता येतात. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे आणि थोडी मुळं असली पाहिजेत. असं रोप बियाच्या रोपापेक्षा लवकर जोर धरतं. आणि हे गटात एकमेकींना देता येतं, विकत घ्यावं लागत नाही.

लावणी रोवणीनंतर

जुलै महिन्यात आपल्याला श्वास घ्यायला वेळ नसतो. पऱ्हे काढणं, चिखलणी, रोवणी. शतावरीची घाई करू नका. रोप बोटभर उंच, चांगलं मुळावलेलं असलं की रोवणी आटोपल्यावर लावलं तरी चालतं. ऑगस्टच्या मध्यापर्यंत लावा, म्हणजे पुढचा पाऊस त्याला मिळतो.

उन्हाळ्यातच कुंपणाच्या कडेने एक फूट उंच वरंबा करून ठेवा. दोन-दोन फुटांवर खड्डे घ्या, हातभर रुंद आणि तेवढेच खोल. मुळी खाली पसरते, त्यामुळे माती जितकी भुसभुशीत तितकी मुळी सरळ आणि जाड. कडक जमिनीत मुळी वाकडी, बारीक होते आणि काढताना तुटते. प्रत्येक खड्ड्यात अर्धं घमेलं कुजलेलं शेणखत मातीत मिसळा. कच्चं शेण टाकू नका, त्याने वाळवी येते. रोप लावून माती दाबा, आणि लगेच शेजारी बांबूची काडी रोवा. नंतर रोवायला गेलं की मुळीला इजा होते.

वर्षभराची निगा

पावसाळ्यात काम एकच, पाणी साचू न देणं आणि गवत काढणं. खुरपं वरवर चालवा, खोल घालू नका. वेल वाढली की काडीवरून कुंपणावर चढवून द्या. खाली लोळली तर ओल धरते आणि कीड लागते.

हिवाळ्यात धानाची कापणी-मळणी चालू असते. तेव्हा शतावरीला पंधरा-वीस दिवसांनी एकदा पाणी पुरे. थंडी सरता सरता बुडाशी माती चढवा आणि तणस किंवा पालापाचोळा पसरा.

पहिला उन्हाळा महत्त्वाचा. आठ-दहा दिवसांनी पाणी द्या. भांडी विसळलेलं साधं पाणी चालेल, साबणाचं नको. उन्हाळ्यात काही वेली पिवळ्या पडतात, वाळल्यासारख्या दिसतात. मेली म्हणून उपटू नका. वरची वेल वाळली तरी खाली गड्डा जिवंत असतो. पहिला पाऊस पडला की गड्ड्यातून जाड, कोवळे कोंब वर येतात. वाळलेला भाग विळ्याने कापून टाका, बस.

दुसऱ्या वर्षी रोप पक्कं झालेलं असतं. पावसाच्या सुरुवातीला अर्धं घमेलं शेणखत, दोन वेळा गवत काढणं, एवढंच काम. रासायनिक खताची गरज नाही, आणि औषधी माल घेणारे लोक फवारणीबद्दल विचारतात, म्हणून फवारणीही नको. किडकं पान हाताने तोडा. फारच कीड दिसली तर निंबोळी अर्क मारा.

मुळी काढताना गड्डा ठेवा

लावल्यापासून अठरा महिने ते दोन वर्षांनी मुळी काढण्याजोगी होते. दिवस थंडीचे. धानाची कामं आटोपली, माती थोडी ओलसर आहे, वेलीचा रंग उतरायला लागला आहे, अशा वेळी काढा.

पुष्कळ ठिकाणी सगळी वेल गड्ड्यासकट उपटतात. आपण तसं करायचं नाही. वेलीच्या एका बाजूने, वीतभर दूर, कुदळीने माती मोकळी करा. हाताने माती सारून मुळ्यांचा घोस उघडा करा. बाहेरच्या जाड, भरलेल्या मुळ्या विळ्याने कापून घ्या. आतल्या बारीक मुळ्या आणि गड्डा तसाच ठेवा. थोडं शेणखत घालून माती परत लोटा. अर्ध्या मुळ्या घेतल्या, अर्ध्या ठेवल्या. पुढच्या खेपेला दुसऱ्या बाजूने घ्या. म्हणजे रोप नव्याने लावायची गरज नाही, वेल वर्षानुवर्षं देत राहते. वेल फार दाट झाली असेल तर त्याच वेळी गड्ड्याचा एखादा तुकडा काढून नवीन रोपही करता येतं.

काढलेली मुळी त्याच दिवशी धुवा. मग उकळत्या पाण्यात थोडा वेळ ठेवा, साल सैल झाली की बाहेर काढून गार पाण्यात टाका. आता साल हाताने सुटते. मुळीच्या मधोमध दोऱ्यासारखा धागा असतो, तोही ओढून काढा. सोललेली मुळी स्वच्छ कापडावर किंवा बांबूच्या चटईवर, कोवळ्या उन्हात आणि मग सावलीत वाळवा. अंगणात जमिनीवर टाकू नका, माती आणि कोंबड्यांनी माल खराब होतो. मोडली की कट्टकन आवाज झाला पाहिजे. वाकली तर अजून ओली आहे.

वाळलेली शतावरी हवेतली ओल फार पटकन ओढते. गोणपाटात ठेवली तर चार दिवसांत मऊ पडते, मग बुरशी आणि कीड. म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बांधून ठेवा.

आता हिशोब

मैत्रिणींनो, आता वही-पेन घ्या. गटाच्या हिशोबाची वही आपण दर आठवड्याला लिहितो, तसाच हा हिशोब लिहू.

केंद्र सरकार काही गौण वनोपजांना किमान आधारभूत भाव ठरवतं. २०२० च्या यादीत वाळलेल्या शतावरी मुळीचा भाव किलोला १०७ रुपये होता. बाजारात स्वच्छ सोललेल्या मालाला याहून जास्त मिळू शकतो, मळक्या मालाला कमीही मिळतो. आपण हिशोबासाठी १०७ च धरू. दहा किलो ओल्या मुळीची साधारण एक किलो वाळलेली मुळी होते. एका वेलीपासून दीड किलो ओली मुळी मिळाली असं धरू.

पन्नास वेलींची ओली मुळी ७५ किलो. वाळून साडेसात किलो. पैसे झाले सुमारे ८०० रुपये. आणि तेही दोन वर्षांनी.

ऐकून निराश झालात ना? पण आधी एकराचा हिशोबही करून बघू. दोन-दोन फुटांवर लावली तर एकरात साधारण १०,००० रोपं बसतात. रोप १० रुपयांना घेतलं तर एक लाख रुपये नुसत्या रोपांचे. दोन वर्षांनी ओली मुळी निघाली १५,००० किलो, वाळून १,५०० किलो, पैसे १,६०,५००. व्हिडिओत इथेच टाळ्या वाजतात. पण मुळी सोलायची कुणी? एका बाईने दिवसभरात २० किलो सोलली असं धरलं, तर १५,००० किलोला ७५० दिवस लागतात. रोजचे २०० रुपये धरले तरी सोलण्याची मजुरी दीड लाख. रोपांचा एक लाख वेगळा, खणण्याची मजुरी वेगळी, आणि दोन वर्षं त्या जमिनीत धान झालं नाही ते वेगळं. म्हणजे हातात काय राहिलं? तोटा. भाव दुप्पट मिळाला तरीही फार काही उरत नाही.

सांदवाडीच्या पन्नास वेलींना रोपांचा खर्च नाही, आधाराचा खर्च नाही, जमीन अडकत नाही. तोट्याची भीती नाही. पण सोलायला चार दिवस लागतातच, आणि आपली मजुरीही मजुरीच आहे, फुकट धरू नका. म्हणून चांगल्या भावाशिवाय विकायचं नाही. आणि इथेच शतावरीचा खरा फायदा कळतो.

धान पिकलं की कापावंच लागतं. टमाटर पिकलं की त्याच दिवशी बाजारात न्यावं लागतं, व्यापारी म्हणेल त्या भावात. शतावरी थांबते. या वर्षी भाव नाही, तर मुळी जमिनीतच राहू द्या. पुढच्या वर्षी ती थोडी वाढलेलीच मिळेल. फार वर्षं ठेवली तर मुळी निबर आणि रेषाळ होते, पण एखादं वर्ष थांबता येतं. बाईच्या हातात असं थांबता येणारं पीक क्वचितच असतं.

पण थांबू कोण शकतं? जिच्या डोक्यावर हप्ता नाही ती. गटातून कर्ज घेतलं की हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो, आणि मुळी दोन वर्षांनी येते. तोपर्यंत हप्ता कुठून भरायचा? मजुरीतून, नाहीतर दुसरं कर्ज काढून. मग दोन वर्षांनी व्यापारी जो भाव सांगेल त्याला द्यावीच लागते. म्हणून आम्ही म्हणतो, शतावरीसाठी कर्ज नको. जितकी बिनखर्चात लावता येईल तितकीच लावा.

आणि एकटीने नको, गटाने लावा. साडेसात किलो मालासाठी व्यापारी गावात येणार नाही. वीस जणींनी पन्नास-पन्नास लावल्या तर वाळलेली मुळी दीडशे किलो होते. मग चार ठिकाणी भाव विचारता येतो, नमुना पाठवता येतो, 'परवडत नाही' म्हणता येतं.

रोपं विकणारा दारात आला तर

असे लोक गावोगाव फिरतात. सांगतात, रोपं आमच्याकडून घ्या, दोन वर्षांनी मुळी आम्हीच विकत घेऊ, कागद करून देतो. सगळेच खोटे असतात असं नाही. पण पैसे देण्याआधी पाच गोष्टी विचारा. कंपनीचा पत्ता कुठला, आणि तिथे जाऊन बघता येईल का? कागदावर भाव आकड्यात लिहिला आहे का, आणि तो ओल्या मुळीचा की वाळलेल्या? माल नाकारायचा झाला तर कोणत्या कारणाने? वाहतूक कुणाची? आणि याआधी ज्यांच्याकडून माल घेतला अशा दोन शेतकऱ्यांशी बोलता येईल का? यातल्या एकाही प्रश्नाला तो 'होईल ना ताई, विश्वास ठेवा' म्हणाला, तर त्याला पाणी पाजा आणि वाटेला लावा. कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी तो कागद ग्रामसंघाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा.

जंगलातली शतावरी

आपल्या शेजारी नागझिरा आहे. १९७० पासून अभयारण्य, आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. अभयारण्याच्या हद्दीतून मुळी खणून आणायची नाही, तो गुन्हा ठरतो.

अभयारण्याबाहेर ज्या गावांना २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले आहेत, तिथे गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे. औषधी वनस्पती, मुळं, कंद हे त्या कायद्यात गौण वनोपजातच येतात. पण हक्क आहे म्हणून सगळं उपटायचं असं नाही. तेंदूपत्ता तोडला की पुन्हा फुटतो. मोहफूल वेचलं तरी झाड उभंच राहतं. शतावरीचा गड्डा उपटला की वेल संपली. म्हणून ग्रामसभेत ठराव करून घ्या. लाल फळं पिकून बी खाली पडेपर्यंत कुणी खणायचं नाही. कोवळ्या वेलीला हात लावायचा नाही. एका बाजूची मुळी घ्यायची, गड्डा ठेवायचा, माती लोटायची. ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिच्या नोंदवहीत शतावरी कुठे आहे ते लिहून घ्या.

आणि सांदवाडीत किंवा शेतात लावलेली शतावरी ई-पीक पाहणीत नोंदवता आली तर नोंदवा. उद्या माल विकताना 'ही जंगलातली की लागवडीची?' असं कुणी विचारलं तर आपल्याकडे उत्तर असतं.

औषध म्हणून वापरताना

आयुर्वेदात शतावरी बाळंतिणीला दूध यावं म्हणून देतात, अशक्तपणाला देतात. आपल्या घरांतही दुधातून शतावरी देण्याची रीत आहे. रीत चांगली, पण तिच्या भरवशावर बाकीचं सोडू नका. दूध येण्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीशी लावणं आणि नंतर वारंवार पाजणं. दुसरी गोष्ट, बाळंतिणीला पोटभर जेवण, भाजी, वरण, पाणी. शतावरी त्यानंतर. बाळाचं वजन वाढत नसेल तर आशाताईला सांगा, दवाखान्यात न्या. आशाताई देते त्या लोहाच्या गोळ्या बंद करू नका.

गरोदर बाई, मूत्रपिंडाचा आजार असलेली, अंगावर सूज असलेली, बीपी-शुगरची औषधं चालू असलेली, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय शतावरी घेऊ नये. बाजारातल्या शतावरी कल्पात साखर भरपूर असते, शुगरवालीने तर लक्षात ठेवावंच.

आणि गटातल्या उत्साही मैत्रिणींना एक सांगणं. शतावरीची पूड करून, डबीवर 'दूध वाढवते, आजार बरा करते' असं लिहून विकायचं नाही. औषध म्हणून विकायला परवाना लागतो. खाण्याचा पदार्थ म्हणून विकायला एफएसएसएआयची नोंदणी लागते. सुरुवातीला स्वच्छ वाळलेली मुळी विकणं हेच आपल्यासाठी सरळ आहे. दुसरी कमाई रोपांची. उगवलेली जास्तीची रोपं शेजारच्या गावातल्या गटांना चार-पाच रुपयांनी द्या. त्यांचाही पैसा वाचेल, तुमच्या हातातही काही येईल.

पुढच्या बैठकीसाठी काम

पुढच्या बैठकीत तीन कामं करा. एक, गटात कुणाच्या सांदवाडीला उताराची, पाणी न साचणारी जागा आहे त्यांची नावं लिहा. दोन, गावात जुनी शतावरी कुठे आहे, तिचं बी कोण जमा करणार, ते ठरवा. तीन, तिरोडा आणि गोंदियाच्या बाजारात वाळलेल्या सोललेल्या मुळीला आज काय भाव आहे, तो दोन दुकानांत विचारून वहीत तारखेसह लिहा. दर सहा महिन्यांनी पुन्हा विचारा. दोन वर्षांनी मुळी काढायची वेळ येईल तेव्हा तुमच्याकडे भावाच्या चार नोंदी असतील, आणि समोरच्याने कमी भाव सांगितला तर वही उघडून दाखवता येईल.